आयसीयूत दिवसातून तीनदा फिनाइल मारतात, तरी औषधांना दाद न देणारे जंतू राहतातच कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे ११ दिवस आयसीयूत होते, कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला आणि रिपोर्टवर एक औषध सोडलं तर सगळीकडे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची, फिनाइलचा वास जिन्यापर्यंत यायचा. मग जंतू जगतात कसे, आणि हॉस्पिटलवाले याहून कडक औषध का वापरत नाहीत?

मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, आधी नऊ वर्षं आयसीयूतच ड्युटी केली. तुमच्या सासऱ्यांना तो जंतू नेमका कुठून आला हे इथे बसून मला सांगता येणार नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. पण वासाबद्दल आणि 'कडक औषधा'बद्दल बोलता येईल.

अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू जंतुनाशकालाही जुमानत नसणार, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्याच भागावर नेम धरतं. जंतू तो भाग बदलतो किंवा औषध तोडणारं एन्झाइम तयार करतो, आणि सुटतो. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, असा नेम धरत बसत नाही. आवरण, प्रथिनं, जे समोर येईल ते नासवत जातं. त्यामुळे साधा ॲसिनेटोबॅक्टर ज्या हायपोनं मरतो, त्याच हायपोनं तुमच्या रिपोर्टवरचा 'सगळीकडे आर'वालाही मरतो. अपवाद आहेत. सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचे बीजाणू आणि कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी नेहमीच्या क्वाटला, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियमच्या औषधांना, पुरून उरतात. तिथे क्लोरीनच लागतं किंवा तसंच दुसरं काही. पण ॲसिनेटोबॅक्टरसाठी कडक औषधाची उणीव नसते. ते औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही, ही खरी अडचण.

फरशीचंच बघा. नातेवाइकांना फरशी दिसते, वास येतो, समाधान वाटतं. मॅनेजमेंटलाही वाटतं. पण फरशीला हात लावून कोणी पेशंटला हात लावतं का? हात लागतो पलंगाच्या कठड्याला, सिरिंज पंपाच्या बटणाला, मॉनिटरला, सलाईनच्या स्टँडला, पडद्याला, बेलच्या स्विचला. ॲसिनेटोबॅक्टर अशा कोरड्या जागी काही दिवसांपासून ते पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, सात महिन्यांपर्यंत. पेशंट घरी जातो, चादर बदलते, नवा पेशंट येतो, पण कठड्यावरचा पाहुणा तिथेच. आधीच्या पेशंटला एमआरएसए किंवा व्हीआरई (व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकोकस) असेल तर त्याच खोलीत येणाऱ्या पुढच्याला तो लागण्याची शक्यता वाढते, हे अमेरिकेत २००६ मध्येच आकड्यांनिशी दाखवलं गेलंय.

आमच्याकडे मी एकदा एक प्रयोग केला. एक पारदर्शक जेल मिळतं, साध्या उजेडात दिसत नाही, यूव्ही टॉर्च मारली की चमकतं. संध्याकाळी सहा बेडना गुपचूप ठिपके लावले आणि दुसऱ्या दिवशी सफाई झाल्यावर टॉर्च घेऊन फिरले. लॉकर स्वच्छ, जेवणाचं टेबल स्वच्छ, कठड्याचा वरचा भाग बऱ्यापैकी. कठड्याची आतली बाजू मात्र चमकत होती. सिरिंज पंप तर सहापैकी सहा! आमच्या मावशींना (आमच्याकडे सफाईच्या बायकांना मावशी आणि पुरुषांना मामा म्हणतात) मी जरा वैतागूनच विचारलं, पंप का पुसला नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, त्या मशीनला नुसतं फडकं लागलं तरी तुम्हीच ओरडता की, बंद पडेल म्हणून."

खरं होतं. मीच ओरडले होते, नाइटला, कधीतरी. सिस्टरांना वाटतं मशीन मावशी पुसतात, मावशींना वाटतं मशीन सिस्टरांचं. मधल्या मध्ये पंप कोणाचाच नाही. त्यानंतर आम्ही काय केलं तर एका कागदावर वाटणी लिहिली: पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटरची स्क्रीन सिस्टरांकडे, दर शिफ्टला. बाकी मावशींकडे. त्या एका कागदानं जेवढं काम झालं तेवढं महागड्या औषधानं झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बादलीकडे येऊ, कारण इथेही गंमत आहे. पाच टक्क्यांच्या हायपोपासून ०.१ टक्क्याचं, म्हणजे १००० पीपीएमचं द्रावण करायचं तर एक लिटरला २० मिली हायपो आणि बाकी पाणी. रक्त सांडलं असेल तर एक टक्क्याचं लागतं, म्हणजे एक भाग हायपोला चार भाग पाणी. हिशोब पाचवीच्या मुलाचा, पण मापाचा ग्लासच नसेल तर सगळं अंदाजपंचे. आणि बरोबर मापलं तरी क्लोरीन उडून जातं, उन्हानं आणि उष्णतेनं लवकर. सकाळी सातला भरलेली उघडी बादली संध्याकाळी वापरली तर वास असतो, दम नसतो. शिवाय रक्त, थुंकी, शेंबूड अशी घाण तशीच ठेवून वरून हायपो ओतला तर हायपो त्या घाणीशीच भांडत संपतो. म्हणून आधी घाण पुसून काढायची, साबणाच्या पाण्यानं घासायचं, मग जंतुनाशक. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात. आणि हायपोमध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो. हे घरीही लक्षात ठेवा.

फडक्याचं तर विचारूच नका. एका फडक्यानं सहा बेड पुसले की आपण जंतू मारत नाही, वाटत फिरतो. पद्धत अशी: एका बेडला एक फडकं, दोनदा दुमडून घडी घालायची, म्हणजे मागून-पुढून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की पुढची. स्वच्छ जागेकडून घाणेरड्या जागेकडे, वरून खाली, आणि वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. क्वाट वापरत असाल तर आणखी एक मेख आहे. सुती कापड क्वाट स्वतःच शोषून धरतं, पृष्ठभागावर उतरतं ते पातळ. दिवसभर त्याच बाटलीत वरून भर घालत राहिलं, तर अशा पातळ औषधात स्यूडोमोनास, सेराशियासारखे जंतू चक्क वाढतात. जंतुनाशकाच्या बाटलीतूनच साथ पसरल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत.

आणि वेळ. अनेक औषधांच्या लेबलवर लिहिलेलं असतं की पृष्ठभाग इतकी मिनिटं ओला राहिला पाहिजे, काहींना दहा. एसीच्या झोतात दोन मिनिटांत सुकतो. बाहेर दुसरा पेशंट स्ट्रेचरवर थांबलेला असतो, कॅज्युअल्टीतून फोनवर फोन, "बेड झाला का?" अशा वेळी मावशींनी घड्याळ बघत उभं राहावं ही अपेक्षा कागदावरच राहते. एका शिफ्टला दोन मावशी, त्याही कंत्राटी, दर तीन महिन्यांनी चेहरे बदलणार. शिकवलेल्या निघून जातात. माझ्या कामाचा निम्मा वेळ तेच ते पुन्हा शिकवण्यात जातो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०११ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलात, कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या क्लेब्सिएला जंतूची साथ पसरली. १८ जणांना लागण, ११ मृत्यू, त्यांतले सहा थेट त्या संसर्गाने. पैशाची, माणसांची, ज्ञानाची कमतरता नसलेली जागा. तरी साफ करून ठेवलेल्या व्हेंटिलेटरवर जंतू सापडला, बेसिनच्या मोऱ्यांमध्ये सापडला. मोरीतला जंतू पुसून जात नाही, तो पाइपातल्या बुळबुळीत थरात बसतो आणि नळ सोडला की शिंतोड्याबरोबर वर येतो. म्हणून पेशंटचं उरलेलं सलाईन, चहा, काहीही हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतू नका. नातेवाईक हे सर्रास करतात.

यूव्हीची यंत्रं आणि फॉगिंगबद्दल (खोलीत औषधाचा धूर मारण्याबद्दल) लोक हटकून विचारतात. यूव्हीनं फायदा होतो, पण नीट पुसून झाल्यावर. अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांच्या मोठ्या चाचणीत वाढीव टर्मिनल क्लिनिंगनं, म्हणजे पेशंट गेल्यावर होणाऱ्या सफाईत यूव्हीसारखी भर घालून, पुढच्या पेशंटांमधली लागण १० ते ३० टक्के कमी झाली. कमी झाली, थांबली नाही. फॉर्मेलिनचा धूर करायची जुनी पद्धत मात्र सोडलेलीच बरी, तो धूर स्वतः कर्करोगकारक आहे.

तर तुम्ही काय करायचं? भेटायला जाताना पलंगाशेजारची हँडरबची बाटली दाबा, आत जाताना आणि बाहेर येतानाही. पर्स, डबा पलंगावर ठेवू नका. मोबाइल खिशातच ठेवा. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता आले तर खुशाल विचारा, आम्हाला राग येत नाही. (थोडा येतो. तरी विचारा.) घरून डेटॉल नेऊन स्वतः पुसत बसू नका, त्यानं मापाचा घोळ वाढतो.

सासरे आता घरी आले असतील तर गादी फेकायची, भांडी वेगळी काढायची गरज नाही. अंगावर किंवा आतड्यात तो जंतू काही काळ राहू शकतो, पण धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास नसतो. जखम किंवा कॅथेटर हाताळायच्या आधी आणि नंतर साबणानं हात धुवा, चादरी नेहमीसारख्या धुऊन उन्हात वाळवा. आणि पुढच्या वेळी कुठेही ॲडमिट करावं लागलं तर तो कल्चर रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावून न्या. तिथल्या सिस्टरांना पहिल्या तासात कळलं तर त्या वेगळा बेड बघू शकतात.