स्टेरॉइड चालू असताना पांढऱ्या पेशी वाढल्या, तर?

प्रश्न : दम्याच्या झटक्यासाठी वडिलांना रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी १६,००० आल्या. ताप नाही. संसर्ग झालाय का? गोळी बंद करावी का?

उत्तर : नुसत्या १६,००० वरून संसर्ग ठरत नाही. रक्तवाहिन्यांतल्या साधारण निम्म्या न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भिंतीला टेकून असतात आणि सुईत फक्त वाहत्या पेशी येतात. भिंतीला धरायला त्यांच्या पृष्ठभागावर एल-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं. स्टेरॉइडने ते कमी होतं, पेशी सुटतात आणि काही तासांतच आकडा चढतो. शिवाय अस्थिमज्जेतून नव्या न्यूट्रोफिल्स येतात, जुन्या जास्त काळ जगतात.

लिम्फोसाइट्सचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, उलट होतं. स्टेरॉइड पेशीत शिरून आतल्या ग्राहीला (रिसेप्टरला) जोडतं, ती जोडी केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करते. त्यात सीएक्ससीआर-४ हा पृष्ठभागावरचा ग्राही वाढतो आणि लिम्फोसाइट्स अस्थिमज्जेकडे ओढल्या जातात. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉलही, हेच करतं, म्हणून लिम्फोसाइट्स सकाळी कमी, रात्री जास्त दिसतात. तेव्हा पुढची तपासणी त्याच वेळी, सकाळच्या गोळीआधी करा. जिना चढून लगेच रक्त देऊ नका, १५ मिनिटं बसा. अ‍ॅड्रेनलिनमुळे मिनिटांत लिम्फोसाइट्स वाढतात.

रिपोर्टमध्ये एकूण आकड्यापेक्षा डिफरन्शियल, म्हणजे कोणत्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती, ते बघा. न्यूट्रोफिल्स जास्त, लिम्फोसाइट्स कमी, इओसिनोफिल्स (आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळपास शून्य, हे चित्र स्टेरॉइडचं. पण न्यूट्रोफिल्स संसर्गातही वाढतात, म्हणून लॅबला स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी तपासायला सांगा. बँड सेल्स (अपरिपक्व न्यूट्रोफिल्स) ६ टक्क्यांच्या वर असतील किंवा टॉक्सिक ग्रॅन्युल्स (न्यूट्रोफिल्समधले गडद कण) दिसले, तर संसर्गाचा संशय धरायचा. फक्त स्टेरॉइडने असं क्वचितच होतं.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, हे मुद्दाम सांगतो. स्टेरॉइड ताप आणि सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) दोन्ही दाबतं. धाप वाढली, थंडी वाजली, ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला किंवा वडील गोंधळल्यासारखे वागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. दम्यातला ५ ते ७ दिवसांचा कोर्स डोस न उतरवता थांबवता येतो. ३ आठवड्यांहून जास्त दिवस घेतली असेल, तर कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी मंदावलेल्या असू शकतात आणि एकदम थांबवल्यास रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरू शकतो.