नोकरी सोडून क्लाउडचा अनुभव विकत घ्यावा का?

प्रश्न: मी साडेतीन वर्षं हेल्पडेस्कवर काम करतोय. दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅझ्युअर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक) अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची एझेड-१०४ परीक्षा पास झालो, पण अर्ज केला की ‘प्रत्यक्ष अनुभव किती?’ इथे गाडी अडते. एक संस्था सहा महिन्यांचा पूर्णवेळ ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ कोर्स देते. फी माझ्या चार पगारांइतकी, बारा हप्त्यांची सोय, शेवटी अनुभवाचं पत्र. नोकरी मात्र सोडावी लागेल. पगारातला पाऊण हिस्सा खर्च होतो, पाच महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे. पुढे ४० टक्के जास्त पगार मिळेल, असं संस्था सांगते. काय करू?

उत्तर: नोकरी सोडू नका. फीच्या चार पगारांकडे तुमचं लक्ष आहे. न मिळणारे सहा पगार माहितीपत्रकावर कोणी छापत नाही. एकूण किंमत झाली दहा पगार. ४० टक्के वाढ खरंच मिळाली, तर महिन्याला जास्तीचा ०.४ पगार हाती येईल आणि दहा पगार भरून निघायला २५ महिने जातील. कोर्सनंतर नोकरी शोधण्यात गेलेला प्रत्येक महिना त्यात आणखी अडीच महिन्यांची भर घालतो. हप्त्यांवरचं व्याज आणि वाढीव पगारावरचा कर मी अजून धरलेलाच नाही.

त्याहून मोठी अडचण रोकडीची. तुमची शिल्लक म्हणजे पावणेचार पगार. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला एका पगाराहून थोडं जास्तच जाईल, म्हणजे चौथ्या महिन्यात खिसा रिकामा आणि कोर्स अर्धवट. अशा वेळी माणूस समोर येईल ती नोकरी पकडतो, मग ४० टक्के वाढीचं गणितच उरत नाही.

अनुभवाच्या पत्राबद्दल स्पष्टच सांगतो. तुम्ही तिथे नोकरी केली नसताना केली असं त्यात लिहिलं असेल, तर ते खोटं कागदपत्र आहे. पार्श्वभूमी तपासणीत ते उघड झालं, तर हातात आलेली नोकरी जाते. प्रशिक्षणाचं पत्र असेल तर त्यासाठी चार पगार फार झाले.

तुमची आत्ताची खुर्ची तुम्ही कमी लेखताय. कंपनी अ‍ॅझ्युअर वापरत असेल, तर वरिष्ठांकडे फक्त ‘रीडर’ रोल मागा. त्यात बघता येतं, बदल करता येत नाहीत, त्यामुळे द्यायला त्यांना फारशी भीती नसते. मग कुठल्याच मशीनला (क्लाउडवरच्या संगणकाला) न जोडलेल्या डिस्क आणि विनावापर पडलेले पब्लिक आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) शोधून यादी करा. त्यांचे पैसे दरमहा जात असतात. अशी यादी नीट आकड्यांसह साहेबांपुढे ठेवणाऱ्याला पुढचं काम मागावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. (पैसे वाचवणारा माणूस आम्हा आर्थिक नियोजकांना आवडतोच, हा पूर्वग्रह मान्य.)

घरच्या लॅबसाठी, म्हणजे स्वतःच्या अ‍ॅझ्युअर खात्यावरच्या सरावासाठी, दरमहा वाचणाऱ्या रकमेचा दहावा हिस्सा बाजूला काढा. मायक्रोसॉफ्ट नव्या खात्याला २०० डॉलरचं क्रेडिट देते, पण ते ३० दिवसांतच वापरायचं असतं. ते अजून वापरलं नसेल, तर आधी कामं कागदावर लिहून काढा आणि मग खातं उघडा. क्रेडिट असेपर्यंत खर्चाची मर्यादा लागू असते. पे-अ‍ॅज-यू-गो (वापराल तितकं बिल) झालात की ती राहत नाही. बजेटचा अलर्ट नुसता ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही, आणि खर्चाचे आकडे दिसायलाच साधारण ८ ते २४ तास लागतात.

नवशिक्यांचे पैसे कुठे गळतात तेही बघा. विंडोजच्या आतून शटडाऊन केलं की पोर्टलवर ‘स्टॉप्ड’ दिसतं, पण मीटर चालूच असतो. त्यापुढे ‘डीअलोकेटेड’ (मशीन सोडून दिली) आलं तरच मशीनचं भाडं थांबतं, आणि तेव्हाही डिस्कचं चालू राहतं. सशुल्क बॅस्टियन (मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सेवा) आणि व्हीपीएन गेटवे (बाहेरचं नेटवर्क सुरक्षितपणे जोडणारी सेवा) तर कोणी वापरो न वापरो, तासावर पैसे घेतात. म्हणून सराव संपला की अख्खा रिसोर्स ग्रुप (मशीन, डिस्क वगैरे एकत्र ठेवलेला गट) डिलीट करायची सवय लावा.

बॅकअप सगळेच घेतात. तुम्ही मशीन डिलीट करून ती बॅकअपमधून परत उभी करा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. शेवटी सगळं पुसायला जाल तेव्हा रिसोर्स ग्रुप डिलीट व्हायला नकार देईल, कारण पुसलेला बॅकअप सॉफ्ट डिलीटमुळे (पुसलेलं लगेच नष्ट न करण्याची सोय) व्हॉल्टमध्ये, म्हणजे बॅकअपच्या तिजोरीत, निदान १४ दिवस राहतो. हे का झालं आणि तुम्ही काय केलं, हे मुलाखतीत दोन मिनिटं सांगता आलं, तर समोरच्याला कळतं की या माणसाने हात घातलाय.

सर्टिफिकेटची चिंता नको. ते वर्षभर चालतं आणि मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन, फुकट नूतनीकरण होतं.

कोर्स करायचाच असेल, तर तो संध्याकाळचा असावा, फी एका पगाराच्या आत असावी, म्हणजे चार महिन्यांच्या बचतीतून रोख भरता येईल, आणि मध्येच सोडल्यास उरलेली फी परत मिळेल असं लेखी असावं. ‘सवलत रविवारपर्यंतच’ म्हणणाऱ्याला रविवार जाऊ द्या.

सहा महिने असं करूनही मुलाखतीची बोलावणी आली नाहीत, तर पुन्हा लिहा आणि सोबत तुमचा बायोडेटा जोडा. अडचण अनुभवाची आहे की तो मांडण्याची, ते तेव्हा बघू.