विषाणूला प्रथिनं लागतात, म्हणून डाळ बंद?

पाऊस सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या पत्रांत विषाणूच्या आजारांबद्दलचा एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत येतो. यंदा मोबाईलवर फिरणाऱ्या एका मेसेजनं त्यात भर घातली आहे : ‘विषाणू आपल्या पेशीतल्या प्रथिनांवर वाढतो, म्हणून तापात प्रथिनं बंद करा.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा.

सासूबाईंना डेंगी झालाय. मेसेज वाचून घरच्यांनी त्यांची डाळ, अंडी, दूध सगळं बंद केलंय. नुसती पेज चालू आहे. बरोबर आहे का? (निपाणी)

नाही. आजच्या जेवणापासून डाळ द्या ताई, पचत असेल तर अंडंही.

आता मेसेजमधलं खरं काय ते सांगतो. डेंगीच्या विषाणूजवळ स्वतःची अशी फक्त 10 प्रथिनं तयार करण्याची माहिती असते. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवण्याच्या अशा कृती सुमारे 20,000 आहेत. एवढ्याशा सामग्रीवर विषाणूचं भागत नाही. दुसऱ्याच्या गुऱ्हाळात शिरून त्याच्याच चरकावर, त्याच्याच काहिलीत आणि त्याच्याच गुळव्याकडून स्वतःचा गूळ काढून घ्यावा, तसं त्याचं चालतं. आपले रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं, त्याचा आरएनए (त्याच्या कृती लिहिलेली चिठ्ठी) वाचून त्याची प्रथिनं बनवतात, आपल्याच पेशीतले पडदे वाकवून तो स्वतःच्या प्रती काढतो, आणि त्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवायला आपलीच विकरं (एन्झाइम) राबतात.

पण विषाणू राबवतो ती आपली प्रथिनं पेशीत आधीपासूनच असतात, ताटातल्या आमटीतून थेट तिथं जात नाहीत. खाणं बंद केलं तर शरीर स्नायू मोडून भागवतं. शिवाय विषाणूशी लढणारी प्रतिपिंडंही प्रथिनंच आहेत. उपाशी राहतो तो पेशंट, विषाणू नाही.

सासूबाईंचा ताप उतरेल त्या दिवसापासून पुढचे दोन दिवस जास्त जपा. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

ताप व्हायरल आहे असं डॉक्टरच म्हणतात आणि अँटिबायोटिकही देतात. मेडिकलवालाही मागितलं की देतो. घ्यावं का? (खानापूर)

मेडिकलवाल्यानं दिलेलं घेऊ नका. ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमवर मारा करतात. विषाणूला रायबोसोमच नसतो, तो आपला वापरतो, आणि आपल्या रायबोसोमची घडण वेगळी असल्यानं ही औषधं त्याला जवळजवळ धक्का लावत नाहीत. म्हणून विषाणू त्या गोळीनं मरत नाही.

मात्र डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर मध्येच सोडूही नका. तुमच्याकडे भातलावणीत चिखलात उभं राहिल्यावर येणारा ताप लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो, आणि तो जिवाणूमुळे होतो. तिथं डॉक्सिसायक्लिन उपयोगी पडतं. कशासाठी दिलं, हे डॉक्टरांना सरळ विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

एका दुकानात ‘विषाणूची पेशीतली दारं बंद करणारे’ थेंब मिळतात. कोरोना, फ्लू, चिकुनगुन्या सगळ्यांवर चालतात म्हणे. (चिकोडी)

पैसे घालवू नका. हे विषाणू पेशीवरच्या वेगवेगळ्या गोष्टींना चिकटून आत शिरतात. कोरोनाचा विषाणू एसीई-2 या प्रथिनाला चिकटतो, चिकुनगुन्याचा एमएक्सआरए-8 या प्रथिनाला, फ्लूचा विषाणू सियालिक आम्ल या साखरेला. सगळीकडे चालणारं एकच कुलूप असूच शकत नाही. आणि ही प्रथिनं विषाणूसाठी ठेवलेली नाहीत, एसीई-2 रक्तदाब सांभाळण्याचं काम करतं. ते थेंबांनी खरोखर बंद झालं असतं तर तुम्हाला भलताच त्रास झाला असता.

पेशीवरचं प्रथिन अडवून विषाणूला रोखणारं खरं औषध आहे : एचआयव्हीसाठीचं माराविरोक, 2007 साली मान्यता मिळालेलं. ते सीसीआर-5 हे प्रथिन अडवतं, आणि पेशंटच्या अंगातला विषाणू त्याच प्रथिनाचा वापर करतो का हे आधी तपासल्याशिवाय देत नाहीत. त्या थेंबांच्या बाटलीवर असली कुठलीच अट छापलेली नसते, यावरूनच काय ते समजा.

लम्पी झालेल्या गाईचं दूध प्यालं तर आम्हाला होईल का? (संकेश्वर)

नाही. लम्पीचा विषाणू माणसात रोग करत नाही. दूध उकळूनच प्या, आणि गाईसाठी पशुवैद्यांना बोलवा.

बर्ड फ्लू कोंबड्यांत एवढा पसरतो, मग माणसांत तसा का पसरत नाही? बारावीला आहे. (हल्याळ)

चांगला प्रश्न विचारलास. एक कारण पेशीच्या आत आहे. फ्लूच्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला पेशीतलं एएनपी-32-ए हे प्रथिन लागतं. पक्ष्यांच्या या प्रथिनात 33 अमिनो आम्लांचा (प्रथिन ज्यांचं बनतं त्या घटकांचा) जादा तुकडा असतो, आपल्यात तो नाही, त्यामुळे पक्ष्यांतल्या विषाणूचं यंत्र आपल्या पेशीत अडखळतं. हे 2016 मध्ये उलगडलं. विषाणूत पीबी-2 नावाच्या प्रथिनाच्या 627 व्या जागी बदल झाला की ही अडचण दूर होऊ शकते. म्हणून मेलेल्या कोंबड्या उघड्या हातानं उचलायच्या नाहीत, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं.

धाकट्याला गल्लीतलं कुत्रं पिंडरीला चावलं, थोडं रक्त आलं. आईनं हळद-तिखट भरलं. चार दिवस झाले, कुत्रं हिंडतंय. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणून थांबलोय. (येळ्ळूर)

थांबलात हेच चुकलं. हे वाचलं की लगेच मुलाला घेऊन दवाखान्याकडे निघा, बाकीचं वाटेत वाचा.

रेबीजचा विषाणू चावल्याजागी स्नायूत काही दिवस, काही आठवडे राहू शकतो. तिथून तो मज्जातंतूच्या टोकात शिरतो. मज्जातंतूत आपलं डायनीन नावाचं प्रथिन असतं, टोकाकडचा माल पेशीच्या मुख्य भागाकडे वाहून नेणारं. विषाणू त्यावर स्वार होऊन मज्जारज्जू आणि मेंदूकडे चढतो. तिथं पोचून लक्षणं सुरू झाली की जगात कुठंही भरवशाचं औषध नाही. लक्षणं साधारण एक ते तीन महिन्यांत दिसतात, कधी आठवड्यातही. चेहऱ्यावर, मानेवर, हातावर चावलं तर धोका आणखी मोठा.

म्हणजे जे काही करायचं ते तो मज्जातंतूत शिरायच्या आत. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, कारण तिथला विषाणू अजून उघड्यावर असतो. हळद, तिखट, चुना यांनी जखम चिघळते आणि धुणं राहून जातं. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं : लसीनं शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर ही तयार प्रतिपिंडं विषाणूला जखमेतच अडवतात.

कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर त्यानं चावताना रेबीज दिला नव्हता, हे खरं. पण ते दहा दिवस लस सुरू करून मोजायचे असतात. पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, गल्ली नाही.

आणि ती चौदा इंजेक्शनं! मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्या देशात 2005 पासून बंद आहे. आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायच्या पद्धतीनं पहिला डोस पडतो तो दिवस शून्य धरतात, आणि तिथून मोजून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावं लागतं. पोटाला सुई लागत नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, त्याच बेळगावच्या आसपास आज लसीच्या भीतीनं मुलाला घरी ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उशीर झाला म्हणून आता काय उपयोग, असंही मनात आणू नका. चार दिवसांनी, महिन्यानंतरही लस सुरू करतात. आज संध्याकाळची वाट बघू नका.

चिकुनगुन्या होऊन तीन महिने झाले, सांधे अजून धरतात. गावातल्या डॉक्टरच्या सुईनं आठ दिवस बरं वाटतं. (उचगाव)

ती बहुधा स्टेरॉइडची सुई असेल. काय टोचलं ते कागदावर लिहून घ्या आणि संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा. पुन्हा पुन्हा ती घेणं बंद करा, पण गोळ्याही चालू असतील तर एकदम न सोडता आधी तज्ज्ञांना विचारा.

रेबीजच्या लसीच्या सातव्या दिवशी आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर होतो. डोस राहिला. पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे का? (बैलहोंगल)

नाही. राहिला तिथून पुढं चालू करा. कार्ड घेऊन आजच जा.