आठवीतला मुलगा, कालप्रवासाची कादंबरी आणि वडिलांची धास्ती

‘मुलगा सारखी गोष्टीची पुस्तकं वाचतो, अभ्यासात लक्ष नाही’ ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा माझं उत्तर दोन शब्दांचं असतं: वाचू द्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ मात्र पुस्तकासोबत मुलाची इतिहासाची वहीही घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सविनय कायदेभंगाच्या धड्यावर प्रश्न होता, सोलापूरच्या सत्याग्रहाची माहिती लिहा. मुलानं लिहिलं होतं: ‘मे 1930. मी बाळीवेशीत उतरलो. रस्त्यात पोलीस कुठंच दिसेनात.’ पुढं मार्शल लॉ लागतो, धरपकड होते. शेवटी हा पठ्ठ्या 11 जानेवारी 1931 च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगाबाहेर उभा असतो. दुसऱ्या दिवशी आत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी होणार हे त्याला माहीत आहे, पण दार उघडत नाही. खाली लाल शाईत शेरा होता: काल्पनिक लिहू नये, पालकांनी भेटावे.

“मॅडम, ह्याला खरं-खोटं कळंना झालंय का? एकच पुस्तक तिसऱ्यांदा वाचायलाय. घरात हाक मारली तर ओ देत नाही.” पुस्तक त्यांनी काढून घेतलं होतं. ते मी ठेवून घेतलं आणि त्याच रात्री वाचून काढलं. असल्या वेळी पुस्तक न वाचता मत देणाऱ्या मोठ्यांचा मला राग येतो. दोन भावंडं जुन्या घड्याळातून मागच्या काळात जातात, अशी गोष्ट. मुलांना त्यात सगळं बघता येतं, बदलता मात्र काही येत नाही. जेवण करपलं माझं, एवढी छान होती.

पुढच्या भेटीत मुलाला विचारलं, “तुरुंगाचं दार उघडलं का नाहीस? गोष्ट तर तुझीच होती.”

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. “उघडता येत नाही मॅडम, तो नियमच आहे. आणि ते वाचले असते तर चौकात पुतळे कसे असते? मग मला त्यांची नावं तरी कुठून कळली असती?”

खरं काय आणि गोष्ट काय याचा घोळ झालेला मुलगा असं बोलत नाही. कालप्रवासाच्या गोष्टीत ‘हे झालं नसतं तर पुढचं कसं झालं असतं’ हा हिशेब सतत करावा लागतो, आणि या वयाला नेमकी त्याचीच गोडी लागते. तारखा त्यानं एकही चुकवली नव्हती. आईला ‘मी जाऊन आलो’ म्हणाला होता ती थट्टा होती, हे आईला कळलंही होतं. वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण ओ न देण्याचं काय? पुस्तक तिसऱ्यांदा हातात कधी आलं, असं मी विचारलं. दिवाळीनंतर. दिवाळीत हे कुटुंब साखर पेठेतल्या जुन्या घरातून जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये गेलं होतं. गल्लीतलं क्रिकेट सुटलं, संध्याकाळ मोकळी पडली, ती पुस्तकानं भरली. रात्री पांघरुणात मोबाईलच्या उजेडात वाचणंही तेव्हाच सुरू झालं. मला काळजी वाटली ती झोपेची आणि तुटलेल्या सोबत्यांची.

म्हणून वडिलांना सांगितलं की पुस्तक परत द्या, साडेदहाला दिवा बंद करा आणि रविवारी सकाळी त्याला साखर पेठेत सोडून या. शाळेत मी स्वतः बोलले. परीक्षेत विचारलं तेवढंच लिहायचं, हे मुलानं कुरकुरत मान्य केलं.

मूल जेवतंय, झोपतंय, मित्रांत मिसळतंय आणि पुस्तक मिटल्यावर त्याबद्दल भरभरून बोलतंय, तर पालकांनी धास्ती घेऊ नये. पुस्तक मिटताच ते रडवेलं होत असेल, शाळेचं नाव काढताच पोटात दुखत असेल, सोबत्यांना टाळत असेल, तर मात्र लवकर या. तेव्हाही पुस्तक हिसकावून येऊ नका, कारण लपायची ती एकच जागा त्याच्याकडे उरलेली असू शकते.

महिनाभरानं वडिलांचा फोन आला. इतिहासाचे मार्क होते तेवढेच होते. रविवारचं क्रिकेट सुरू होतं, झोपही सुधारली होती. आता पोरगं कादंबरीचा दुसरा भाग मागत होतं. “सहामाहीला ऐंशी टक्के पाड, मग घेऊ, असं म्हणू का?”

म्हटलं, तशी अट घालू नका. मार्क कमी पडले तर पुस्तक शिक्षेच्या यादीत जाईल. परवडत असेल तर या रविवारीच घेऊन द्या, आणि पहिला भाग तोवर तुम्ही वाचा.

“मी?” ते म्हणाले. “कारखान्यातनं सुटून?”

रोज पाच पानं वाचायला ते तयार झाले.