भावकीला काय सांगायचं?

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. मुलगी एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या शेवटच्या वर्षाला, ६४ टक्के. तिला अल्कोहोलपासून फ्लोरीनयुक्त इथर (दोन कार्बनच्या मध्ये ऑक्सिजन असलेला रेणू) बनवण्यावर पीएच.डी. करायचीय. वडील लिहितात, ‘पोरगी दारूवर शिकते असं भावकीत सांगू का? बी.एड. करून इथंच शाळेत लागली, तर स्थळं बघायला बरं.’

दादा, दोन पानी पत्रात स्थळं चार वेळा आली, भावकी तीन वेळा. मुलीचं नाव एकदाही नाही. ‘अल्कोहोल’खाली मात्र लाल पेनानं दोन रेघा. मला काळजी त्या रेघांची वाटते, टक्क्यांची नाही. नेट या पात्रता परीक्षेला ५५ टक्के पुरतात, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. म्हणजे खर्चाचं ओझंही तुमच्यावर नाही.

आता दारूचं. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे मोठ्या कुळाचं नाव. दारूतलं इथेनॉल त्यातलं एक. ग्लिसरीन आणि पुदिन्यातलं मेन्थॉलही त्याच भावकीतले. भुरीवर तुम्ही कधी टेट्राकोनाझोल हे बुरशीनाशक फवारलं असेल. तो रेणू म्हणजे अल्कोहोलपासून बनवलेला फ्लोरीनयुक्त इथरच! उजव्या-डाव्या हातांसारखी त्याची दोन रूपं असतात. डब्यात दोन्हींचं मिश्रण येतं, पण बुरशीवर एक रूप दुसऱ्यापेक्षा जास्त चालतं. लेकीला करायचंय ते हेच: एकाच हाताचं अल्कोहोल घ्यायचं आणि इथर होईपर्यंत तो हात हरवू द्यायचा नाही. कार्बन-ऑक्सिजनचा बंध न तोडता ऑक्सिजनवर फ्लोरीनचा गट बसवला, तर रचना तशीच राहते. पण हात ठरवणाऱ्या कार्बनवरचाच तो बंध मागून धक्का देऊन तोडला, तर वाऱ्यानं छत्री उलटावी तशी उलटते. ऑपरेशनच्या वेळी भुलीसाठी वापरतात ते आयसोफ्लुरेनही फ्लोरीनयुक्त इथरच. भावकीला एवढं पुरे.

बी.एड. वाईट नाही. पण जिला शिकवायचंच नाही, तिला स्थळांसाठी वर्गात उभी करू नका; पोरांचं वाटोळं होतं.

आणि पोरी, तुलाही विचारते. लग्न पुढं ढकलायला तर पीएच.डी. नकोय ना? तसं असेल तर पाच वर्षं प्रयोगशाळेत घालवू नकोस, वडिलांशी सरळ बोल. तसं नसेल, तर आधी पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी काही महिन्यांचा प्रोजेक्ट मिळव. तीच रिअ‍ॅक्शन सातव्यांदा फसली की कळेल आवड किती आहे ते.

दादा, आज संध्याकाळी औषधाचा डबा तिच्यासमोर ठेवा आणि त्या रेणूचं चित्र काढायला सांगा. पुढचं पत्र तिला लिहू द्या.