तळ्यात चिलापी माजलीय, शिकारी मासा सोडू का? नका सोडू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अर्ध्या एकराचं तळं, सर्वांत खोल जागी दोन मीटर पाणी. पूर्वी पाणी निवळ असायचं, काठाला दांडवण आणि पुंटियस हे छोटे देशी मासे, गवतात मरळ या देशी शिकारी माशाची पिल्लं. आता पाणी बारमाही गढूळ, जाळ्यात बोटभर चिलापीशिवाय (म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतून आणलेला मासा) काही येत नाही, आणि कुणीतरी सुचवलंय की आफ्रिकन मांगूर हा मिशीवाला शिकारी मासा सोडा, तो चिलापी फस्त करेल. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे, म्हणून लांबलचक लिहितोय. परका मासा म्हणजे काय, तो वाईट का, हे सगळं सोडून देतो. तुमचं तळं मी पाहिलेलं नाही आणि परवानग्यांचे नियम जागेनुसार बदलतात, तेव्हा ते तुमचं तुम्ही तपासा.

मांगूर अजिबात नको. आफ्रिकन मांगूर मिळेल ते खातो: बेडूक, खेकडे, दांडवण, मरळीची पिल्लं. परांना कणखर काटे असलेली चिलापीच तो निवडून खाईल असं नाही. तो हवेतला प्राणवायू घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या ओढ्यात पोचतो, आणि मीटरभर वाढतो. भारतात त्याच्या संवर्धनावर बंदी आहे ती उगीच नाही. शिकारी सोडून प्रश्न सुटतो असं वाटणाऱ्यांनी आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर आठवावं. तिथे १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा आणला, १९८० च्या दशकात त्याची संख्या भडकली, आणि तिथल्या खास सिक्लिड (चिलापीच्याच कुळातल्या) माशांच्या दोनशेच्या आसपास प्रजाती गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. गढुळलेलं, शेवाळलेलं पाणीही त्याला कारण होतं, सगळा दोष एकट्या पर्चचा नाही. पण त्याच काळात बाहेरून आणलेली नाईल चिलापी मात्र पर्चच्या नाकाखाली मजेत टिकली. गेले ते स्थानिक.

मरळ चालेल का? चालेल, पण शेवटी, आणि वचक म्हणून. मरळ चिलापीची पिल्लं खाते, संपवत नाही. चिलापी संपत का नाही हे कळायला मादी जवळून बघा. तिची हनुवटी फुगलेली दिसली की तोंडात अंडी किंवा पिल्लं आहेत समजा. ती अंडी तोंडातच उबवते. पिल्लं साधारण दहा ते चौदा दिवसांनी बाहेर पडतात, तेव्हा सेंटीमीटरभर असतात, आणि पुढेही काही दिवस धोका दिसला की परत तोंडात शिरतात. कोमट पाण्यात हा फेरा चार-सहा आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. दाटीच्या तळ्यात ती आठ-दहा सेंटीमीटरलाच प्रसवू लागते, कधी त्याहूनही लहान असताना. म्हणजे तुमच्या जाळ्यात येणारी 'बोटभर पिल्लं' बहुतेक पिल्लं नाहीतच, खुरटलेल्या आया आहेत.

यातूनच पुढची गोची होते. अशी मादी जाळ्यात आली की दचकून तोंडातली पिल्लं थुंकते. जाळं काठावर झटकलंत, तर मासा तुमच्या हातात आणि चाळीस-पन्नास पिल्लं पाण्यात. म्हणून जाळं पाण्यावर झटकायचं नाही, खाली टब धरून त्यातच उलटायचं आणि ते पाणी कोरड्या जमिनीवर, तळ्याकडे उतार नसलेल्या बाजूला ओतायचं. मोठे नर काठालगत तळ उकरून ताटासारखे गोल खड्डे करतात. ओढजाळं येताना दिसलं की ते त्या खड्ड्यात चिकटून बसतात आणि जाळं वरून निघून जातं. उरलेले वरच्या दोरीवरून उड्या मारतात. खालच्या दोरीला साखळी बांधली तर पकड वाढते, पण तळ चांगला सपाट असेल तरच. आणि फक्त मोठी चिलापी काढत राहिलात तर उरलेल्यांना खाणं वाढतं, ती जोमाने वाढतात, वर्षअखेर आकडा तिथेच येतो. गळ टाकून चिलापी संपवू म्हणणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा.

काही करण्याआधी ओळख पक्की करा, कारण याच पायरीवर लोक आपलेच मासे मारतात. चिलापीच्या पिल्लाच्या पाठीच्या पराच्या मागच्या भागात काळा ठिपका असतो आणि अंगावर पुसट उभे पट्टे. कालुंदर हा आपला देशी सिक्लिड लांबून अगदी तसाच दिसतो. फरक गुदपरात (पोटाखालचा, शेपटीकडचा पर): चिलापीच्या गुदपराला तीन कणखर काटे, क्वचित चार, कालुंदराला बारा किंवा अधिक. पर उलगडून मोजा, मिनिटाचं काम आहे. तसंच काठाला पृष्ठभागाशी तरंगणारा, डोक्यावर चांदीसारखा चमकता ठिपका असलेला छोटा मासा गॅम्बुसिया समजून फेकू नका. तो ॲप्लोकायलस, आपलाच, आणि डासांच्या अळ्या तोही खातो. गॅम्बुसिया भारतात १९२८ मध्ये डासांसाठीच आणला. पुढे तो बेडकांची अंडी आणि इतर माशांचे पर कुरतडत फिरतो हे कळायला फार वेळ लागला नाही, तरी बादल्या भरून सोडणं चालूच आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळे घसरतात. खरा उपाय म्हणजे तळं पूर्ण उपसून रिकामं करणं, पण त्याआधी मासा कुठून येतोय ते शोधा. 'पक्ष्यांच्या पायाला अंडी चिकटून येतात' हे उत्तर तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. बदकाच्या पोटातून कार्पची मोजकी अंडी जिवंत बाहेर पडल्याचं प्रयोगात दिसलं आहे, ते खरं. पण चिलापीची अंडी पाण्यात पडून नसतातच, ती आईच्या तोंडात असतात. तेव्हा चिलापी आली म्हणजे एकतर वरच्या पाण्यातून वाहत आली किंवा कुणीतरी पिशवीतून आणली. दुसरी शक्यता जास्त.

आणि ती पिशवी बऱ्याचदा कार्यालयातून येते. कुठलं ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. कटला-रोहूची बोटुकली (बोटभर पिल्लं) म्हणून जे वाटलं जातं त्यात चिलापीची पिल्लं मिसळलेली असतात, कारण ज्या हौदात ती वाढवली तिथे चिलापी आधीच होती. तपासणी कोण करतं? कुणी नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की बीज वरून येतं, आम्ही फक्त वाटतो. वर विचारलं तर, वाटप स्थानिक पातळीवर होतं. कष्टाने कोरडं केलेलं तळं, बुजवलेली डबकी, जाळीचा खर्च, सगळं एका न बघता ओतलेल्या पिशवीने पाण्यात गेलं, आणि त्यावरचा लेखी जबाब असा की मत्स्योत्पादन वाढल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे. चिलापीचं वजनही उत्पादनातच धरतात ना. असो. रागावून उपयोग नाही, पण यावर उपाय आहे.

तळं तुमच्या एकट्याच्या मालकीचं नसेल तर उपसा सुरू करण्याआधीच लेखी अर्ज द्या: या तळ्यात अमुक काळ कोणतंही मत्स्यबीज सोडू नये. पोच घ्या. तोंडी 'हो हो' चालत नाही, माणूस बदलला की हो पण बदलतो. पुढे कधी बीज घ्यावंच लागलं तर पिशवी थेट तळ्यात ओतू देऊ नका. पांढऱ्या टबात घ्या, दोनशेएक पिल्लं चमच्याने काढून काळा ठिपका बघा. एक जरी चिलापी सापडली तरी अख्खी पिशवी परत. वाद होतील, होऊ द्या. वाटणाऱ्याला घाई असते, तुम्हाला नाही.

उपसा उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तीन-चार आठवडे आधी. पंपाच्या शोषनळीला जाळीचा पिंजरा हवाच, आणि बाहेर पडणारं पाणी एक मिलिमीटरच्या जाळीच्या पेटीतून गाळून सोडा. नाहीतर तुमची चिलापी खालच्या ओढ्याला भेट द्याल. जाळी दर अर्ध्या तासाने तुंबते, तिथे एक माणूस बसवा. पाणी गुडघाभर झालं की देशी मासे वेचायला घ्या, सकाळी, उन्हं तापायच्या आत. मरळ, वाम चिखलात शिरतात, त्यांच्यासाठी हाताने चाचपावं लागतं. वेचलेले मासे एरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) लावलेल्या टाकीत ठेवा, फार दाटी नको. ज्या छोट्या पिल्लांची ओळख पटत नाही ती वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे वाढवा, तोवर ठिपका आणि पट्टे स्पष्ट होतात. कंटाळून 'असतील आपलीच' म्हणू नका.

पाणी संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. पावलांच्या ठशात साचलेल्या पाण्यातही पिल्लं तग धरतात. उरलेल्या डबक्यांत ताजी चुनकळी (न विझवलेला चुना) टाका, हजार लिटरला अर्धा ते एक किलो, ढवळून. पाण्याचा पीएच ११ च्या वर गेला पाहिजे, मोजपट्टीने बघा. जुना, हवा खाल्लेला चुना निरुपयोगी असतो. चष्मा आणि हातमोजे घाला, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. मग तळ उन्हात तापू द्या: चिखलाला भेगा पडाव्यात आणि चालताना पाय रुतू नये, साधारण दोन-तीन आठवडे. झऱ्याच्या तोंडाशी ओल कायम राहते, गॅम्बुसिया नेमका तिथेच, गवताच्या मुळाशी, बोटभर पाण्यात सापडतो. त्या जागा रोज बघा.

मासे मारायला मोहाच्या पेंडीचं कुणीतरी सुचवेलच. मत्स्यशेतीत ती हेक्टरी, मीटरभर पाण्याला २००० ते २५०० किलो वापरतात. तुमच्या अर्ध्या एकराला, पाणी अर्ध्या मीटरवर आणलं तर २०० ते २५० किलो लागेल. विषारीपणा दोन-तीन आठवडे टिकतो. मासे मरतात, पण सगळेच मरतात, सोबत बेडकांची पिल्लंही. ज्या तळ्यात अजून देशी मासे वाचले आहेत तिथे मी ती वापरणार नाही. पूर्ण उपसा अशक्य असेल आणि आत चिलापीशिवाय काही उरलंच नसेल, तर विचार करा, परवानगी घेऊन. बाजारातली कीटकनाशकं वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचा दुसरा कुठलाही सल्ला ऐकू नका.

पकडलेली चिलापी जिवंत कुठेही सोडायची नाही. दया येऊन कालव्यात सोडणारे लोक असतात, त्यांना उपशाच्या दिवशी लांब ठेवा. आणि हिचा राग धरू नका: मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये माणसानेच आणली, आणि तिच्या मूळ घरी, आफ्रिकेच्या दक्षिणेत, तीच नाईल चिलापीशी होणाऱ्या संकरामुळे धोक्यात आहे.

पाणी परत भरताना येणाऱ्या प्रवाहाला दुहेरी जाळी लावा, बाहेर जाड आणि आत एक मिलिमीटरची. बारीक जाळी एकटी लावली तर पहिल्या पावसात पाचोळ्याने तुंबून फाटते. भरल्यावर दोन महिने काहीही सोडू नका. दोन-चार चिलापी सुटल्या असतील तर तेवढ्या काळात काठाला पिल्लांचे थवे किंवा ताटासारखे खड्डे दिसतातच. रात्री टॉर्च घेऊन काठ फिरला की लवकर कळतं. दिसले तर पुन्हा उपसा. जीवावर येतं, पण रिकाम्या तळ्याचा दुसरा उपसा सर्वांत स्वस्त असतो, नंतर सगळं देशी भांडवल आत असताना तोच महाग पडतो. दोन महिने स्वच्छ गेले की आधी दांडवण, पुंटियस, ॲप्लोकायलस सोडा, पुढच्या हंगामात वाम, सर्वांत शेवटी मरळ. मासे कमी पडले तर त्याच नदीच्या खोऱ्यातले आणा, दुसऱ्या खोऱ्यातली तीच जात आणणं मी टाळतो. पाणवनस्पती मात्र बाहेरून आणू नका, त्यांच्या मुळांतून काय काय येतं ते वेचत बसावं लागतं.

उपसा जमणारच नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण तो कायमचा नोकरी धरल्यासारखा: प्रजननाच्या काळात दर आठवड्याला उथळ काठावर बारीक आसाचं (छिद्रांचं) ओढजाळं, सगळ्या आकाराचे मासे बाहेर, जोडीला मरळ. एक हंगाम चुकवला की पुन्हा मूळ पदावर. गढूळपणा तेवढ्याने जाईलच असं नाही, विशेषतः तळ्यात सायप्रिनस कार्प असेल तर. तो तळ उकरून वनस्पती मुळासकट उपटतो, आणि अनेक जण चिलापीला शिव्या देत त्यालाच पोसत असतात. ओढजाळ्यात ओठांजवळ दोन जोड्या मिशा असलेला, मोठ्या खवल्यांचा मासा येतोय का बघा.