करोनाकाळात टेबलावर शेगडी असलेल्या बार्बेक्यूला जावं का?

जा, पण टेबल बघून. निखाऱ्यावर नीट भाजलेल्या सीखेची भीती नाही. भीती शेजारच्या टेबलावरच्या हवेची. जानेवारी 2020 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटात एसीच्या झोतातल्या तीन टेबलांवरचे 10 जण बाधित निघाले. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, म्हणून उघड्या खिडकीजवळ किंवा गच्चीवर बसा, गर्दीआधीची वेळ घ्या. महाराष्ट्रात 5 ऑक्टोबर 2020 पासून रेस्टॉरंटांना 50 टक्के क्षमतेनेच परवानगी होती; टेबलं खेटून दिसली तर सरळ परत फिरा. बुफेचा चिमटा सगळ्यांच्या हातातून फिरतो, त्यामुळे वाढूनच मागा. बटरचा ब्रश एकानेच हाताळावा. कच्च्या चिकनला लावलेला ब्रश शिजलेल्यावर फिरवलात, तर करोना राहील बाजूला आणि पोट बिघडेल!